राहिलेली कवळी

ओमप्रकाश काका रविवारी सकाळी दहा वाजता हॉस्टेलच्या फाटकाशी आले आणि अकीलाकडे बघून हसले. काकांच्या तोंडात दात होते. वर चौदा, खाली चौदा, नव्या टाइल्ससारखे पांढरे.

गेल्या आठवड्यापर्यंत त्या तोंडात एकही दात नव्हता. म्हणूनच तर अकीलानं त्यांना शोधून काढलं होतं. अमरावतीतल्या एका खाजगी दंत महाविद्यालयात ती शेवटच्या वर्षाला होती. बाकी सगळे विषय सुटले होते, फक्त कवळीच्या विषयाचं प्रात्यक्षिक उन्हाळ्यात गेलं होतं, आणि बुधवारी त्याचीच फेरपरीक्षा होती. या परीक्षेला विद्यार्थ्यानं पेशंट स्वतःच आणायचा असतो, तोही पूर्ण बोळक्या तोंडाचा. पेशंट नाही म्हणजे विद्यार्थी गैरहजर. गैरहजर म्हणजे आणखी सहा महिने.

"पाह्यलं का, डॉक्टरीन बाई?" काका म्हणाले. एसटीत तीस वर्षं कंडक्टर असलेल्या माणसाचा आवाज रस्त्यापलीकडं पोचत होता. "जावयानं नागपूरले नेलं. त्याचा दोस्त हाय डॉक्टर. चार दिवसांत बसवून देल्ले! म्हटलं, पहिले तुमाले दाखवाव. तुमचा तरास वाचला."

"छान झालं, काका," अकीला म्हणाली.

काका खुशीत गेले. ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. मग खोलीत गेली, लगेच बाहेर आली, पाण्याची बाटली भरायला म्हणून खाली गेली, तर बाटली वरच राहिली होती.

तिच्या बरोबरची पोरं जुलैपासून इंटर्न झाली होती. त्यांच्या पांढऱ्या कोटावर नावाआधी 'डॉ.' लागलं होतं. पियुष, जो पहिल्या वर्षी तिच्या वहीतून आकृत्या उतरवायचा, आता ओपीडीत तिच्याच केसपेपरवर सही करायचा. तो माणूस भला होता, सही करताना मान खाली घालायचा. तेच तिला सोसायचं नाही. अकोल्याहून अब्बा रोज संध्याकाळी फोन करत. अब्बांना, म्हणजे गयासुद्दीन टेलरांना, परीक्षेतलं काही कळत नव्हतं, पण एक प्रश्न ठरलेला होता: "बेटा, इस बार हो जाएंगा ना?" आणि अकीलाचं उत्तरही ठरलेलं होतं: "हां, अब्बा."

दुपारी ती पियुषला गाठून म्हणाली, "बिनदाताचा माणूस पाहिजे. परवापर्यंत."

"महादेवरावाले विचारतो," पियुष म्हणाला.

महादेवराव कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होते. स्वतःची कवळी रुमालात बांधून खिशात ठेवायची आणि बोळक्या तोंडानं परीक्षेला बसायचं, असं त्यांनी आठ-नऊ वेळा केलं होतं. कधी तोंड उघडायचं, कधी गिळायचं, जबडा कुठं न्यायचा, त्यांना पाठ होतं. संध्याकाळी पियुषचा निरोप आला, महादेवराव वर्ध्याला बहिणीकडे गेलेत, फोन उचलत नाहीत.

तेव्हा अकीलानं कपाटातला खालचा कप्पा उघडला. तिथं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले प्लास्टरचे दोन साचे होते. एक वरच्या जबड्याचा, एक खालच्या. तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव पुसट झालं होतं. गोदाबाई, रिद्धपूर.

ते नाव ती सात महिने टाळत आली होती.

उन्हाळ्यातल्या परीक्षेत गोदाबाईच तिच्या पेशंट होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक, बोलघेवडी बाई. परीक्षेत कवळी पूर्ण होत नाही. माप घ्यायचं, दोन्ही जबड्यांचा मेळ धरायचा, मेणात पुढचे दात लावून दाखवायचे, एवढंच. उरलेलं काम नंतर त्याच विद्यार्थ्यानं करून द्यायचं अशी रीत. नातीचं लग्न जूनमध्ये होतं आणि अकीलानं त्यांना शब्द दिला होता, "आजी, परीक्षा झाली की लगेच. लग्नाच्या आत दात बसतील."

परीक्षा झाली. बाहेरगावच्या परीक्षकांनी गोदाबाईंच्या हनुवटीला बोट लावलं, "जबडा पुढे आलाय" एवढंच म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. दात गेलेली माणसं हिरड्यांनी चावता चावता खालचा जबडा पुढे ढकलायला शिकतात. त्या पुढच्या जागी मेळ धरला तर कवळी तोंडात गेल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. निकाल लागला त्या दिवशी अकीला अकोल्याला गेली आणि महिनाभर तिथंच राहिली. त्या महिन्यात रिद्धपूरहून अकरा फोन आले. तिनं अकराही वाजू दिले. नापास झालेल्या विद्यार्थ्याचा अर्धवट पेशंट कोणाचा, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि न लिहिलेल्या जागेत ती लपून बसली होती.

सोमवारी सकाळी ती मोर्शीच्या गाडीत बसली. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे चालले होते, क्रेट भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. गाडीत बसायला जागा होती तरी ती निम्मा रस्ता दाराशी उभी राहिली. मोर्शीहून काळीपिवळी जीपनं रिद्धपूर. एका म्हाताऱ्या माणसाला गोदाबाईंचं घर विचारलं तर त्यानं आधी तिथल्या रीतीनं हात जोडून "दंडवत" म्हटलं आणि मग मठाकडची गल्ली दाखवली.

गोदाबाई अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. सूप थांबलं नाही.

"आजी, मी अकीला. अमरावतीहून."

"मले दिसते अजून," गोदाबाई म्हणाल्या. दात नसल्यामुळं 'स' आणि 'त' हवेतच विरत होते. "दात गेले, डोये हायेत."

आतून त्यांचा मुलगा आला. पंजाबराव उंच, रुंद खांद्यांचा, संत्र्याच्या बगीच्यातून नुकताच आलेला, हाताला हिरवट वास. त्यानं अकीलाला बसा म्हटलं नाही.

"अकरा खेप फोन लावला तुमाले," तो म्हणाला. "एक डाव तरी उचलाचा होता. नाई म्हनाचं होतं. आमी दुसरीकडं गेलो असतो."

"चुकलं माझं," अकीला म्हणाली. वाटेत तिनं बरंच काही जुळवून ठेवलं होतं. तब्येत, घरची अडचण, कॉलेजचे नियम. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. "नापास झाले होते. लाज वाटली."

"लाज तुले वाटली अन् लगनात तोंड म्या झाकलं," गोदाबाई म्हणाल्या. "विहीण इचारते, काहून हो, बोलत काहून नाई? काय सांगू तिले? म्हटलं, मौन धरलं." सुपातला एक खडा त्यांनी उचलून फेकला. "आता काहून आली?"

पंजाबराव तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानंच ओळखलं. "परीक्षा हाय वाट्टे परत."

"परवा," ती म्हणाली.

गोदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे तुले दात बसवाचे नाईत. पेपर द्याचा हाय."

अकीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडलं तर ते रडणंही काम काढून घ्यायला आल्यासारखं दिसेल म्हणून तिनं ते गिळलं. घरातल्या सुनेनं चहा आणला. रागातही चहा आला, तोच तिला जास्त लागला. पिऊन झाल्यावर गोदाबाई म्हणाल्या, "नाई येत मी. जाय आता, गाडी चुकन तुयी."

मंगळवारी सकाळी पियुष धावतच आला. महादेवराव वर्ध्याहून परतले होते आणि थेट कॉलेजात येऊन बसले होते. पेशंटचं नाव विभागात नोंदवायची मुदत दुपारी चारपर्यंत. अकीलानं घाईनं त्यांना खुर्चीत घेतलं. महादेवरावांनी कवळी काढून रुमालात बांधली, तोंड उघडलं आणि न सांगता जबडा मागे नेऊन दाखवला, जसं एखादं जुनं दार हलक्या हातानं लागतं.

"माया जबड्यावर आजवर कोनी नापास झालं नाई," ते म्हणाले.

अकीलाच्या जिवात जीव आला. परीक्षेआधी लागणारं कच्चं माप तिनं घेतलं, साचे ओतले. रविवारपासून येरझाऱ्या घालणारे तिचे पाय थांबले. साडेअकराच्या सुमाराला पियुषनं दारातून डोकं आत घातलं, "अकीला, बाहेर ये. रिद्धपूरवाले आलेत."

ओपीडीच्या बाकावर गोदाबाई धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. शेजारी पंजाबराव, मांडीवर जेवणाचा डबा.

"रातभर मायची कटकट," पंजाबराव म्हणाला. "सकाऊन म्हनते, चाल."

अकीला त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आनंद झाला पाहिजे होता, पण तिच्या मनात पहिला विचार आला तो महादेवरावांच्या सुरेख मागे जाणाऱ्या जबड्याचा. ती म्हणाली, "आजी, बरं झालं आलात. उद्याच्या परीक्षेला दुसरे पेशंट मिळालेत. तुमचं काम मी करणारच. परीक्षा झाली की लगेच..."

तिचं तिलाच ऐकू आलं. अगदी हेच शब्द, याच बाकाजवळ, मे महिन्यात.

गोदाबाईंनी मान हलवली. "नाई. मले परीक्षेतच बसव. परीक्षेत तू मन लावून करशीन. मागून कोन करते?"

"आजी, तुमचा जबडा अवघड आहे. मागच्या वेळी त्याच्यावरच गेले मी."

"मंग मायावरच शिक," गोदाबाई म्हणाल्या. "सोप्या मानसाले तुयी काय गरज?"

अकीला उठली. जिना चढून वरच्या मजल्यावर गेली, कशासाठी ते न आठवून खाली आली, पुन्हा वर गेली. कोणालाही विचारलं असतं तर त्यानं महादेवरावांचंच नाव घेतलं असतं. ओमप्रकाश काकांनीसुद्धा तेच सांगितलं असतं. दुसऱ्या खेपेला तिला विभागाच्या इंगोले मॅडम भेटल्या. त्यांनीच तिला हा विषय शिकवला होता आणि उन्हाळ्यात तिच्याशी आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

"जिन्यावर काय येरझाऱ्या? फॉर्म कुठाय?"

अकीलानं सगळं सांगितलं.

"दोघांत सोपा जबडा कोणाचा?"

"महादेवरावांचा."

"मग?"

"गोदाबाईंचं काम राहिलंय, मॅडम."

"ते परीक्षेनंतरही होतं."

"होतं. पण मागच्या वेळी मी केलं नाही."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "नापास झालीस तर माझ्या केबिनमध्ये रडायला यायचं नाही," त्या म्हणाल्या. "जुने साचे चालणार नाहीत. आठ महिन्यांत हिरडी बदलते. नवं कच्चं माप घे, आत्ता."

महादेवराव चिडले. बोलणं नीट व्हावं म्हणून त्यांनी रुमाल सोडून कवळी तोंडात बसवली. "मी वर्ध्याहून आलो बाई! जबड्याची कदर नाई तुमाले," म्हणाले आणि गेले. दुपारभर अकीला माप, साचे, मेण यात बुडून गेली. फॉर्मवर गोदाबाईंचं नाव लिहिताना चारला सहा मिनिटं कमी होती. मायलेक पंजाबरावाच्या मेव्हण्याकडे मुक्कामाला गेले.

बुधवारी परीक्षेच्या हॉलमध्ये अकरा खुर्च्या, अकरा म्हातारी माणसं. बाहेरचे परीक्षक ठेंगणे, बारीक, पायात आवाज न करणारे बूट. ते मागे येऊन उभे राहिलेले कळतच नसत. अकीलाचा पांढरा कोट पाठीला चिकटला होता, जानेवारीतसुद्धा.

पक्क्या मापाचं काम बरं झालं. मग जबड्याचा मेळ. हिरडीच्या जागी घोड्याच्या नालासारखी मेणाची जाड कड असते, एक वर, एक खाली. पेशंटनं जबडा अगदी मागे नेऊन त्या दोन कडा एकमेकींवर टेकवायच्या आणि तिथंच त्या जोडून घ्यायच्या. गोदाबाईंनी कडा टेकवल्या. अकीलानं जोडल्या, बाहेर काढून पाहिल्या. ठीक दिसत होत्या. घड्याळात दीड तास उरला होता. सहा दात लावायला सवा तास लागतो. तिनं साचे जबड्यासारख्या उघडमीट करणाऱ्या यंत्रावर चढवायला घेतले.

आणि हात थांबले. गोदाबाई खुर्चीत शेजारणीशी बोलत होत्या, बोलता बोलता तोंड मिटत होत्या, आणि मिटताना त्यांची हनुवटी मेळ धरताना होती त्याहून मागे जात होती. अगदी थोडी. सुपारीच्या अर्ध्या फोडीएवढी. बोलताना जबडा आपल्या घरी जात होता, 'चावा' म्हटलं की पुढे येत होता.

परीक्षकांनी अजून बघितलं नव्हतं. कदाचित बघणारही नाहीत. पलीकडच्या खुर्चीपाशी एक मुलगा तिसरा दात लावत होता.

"आजी," अकीला म्हणाली, "परत करायचं."

"आता? झालं म्हनली ना तू?"

"नाही झालं."

तिनं वरच्या कडेच्या तळाला, अगदी मागे, टाळूपाशी, मेणाची ज्वारीएवढी गोळी लावली. "चावू नका. चावायचंच नाही. जिभेचं टोक मागं नेऊन ही गोळी शोधा. सापडली? आता तिथंच जीभ ठेवून थुंकी गिळा."

पहिल्यांदा गोदाबाईंना हसू आलं. दुसऱ्यांदा ठसका. अकीलाला ओरडावंसं वाटलं, मे महिन्यात ती ओरडलीही होती. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला, पाण्याचा पेला दिला, थांबली. थांबणं तिच्या अंगात नव्हतं. एक एक मिनिट अंगावरून सरपटत गेलं. "तुमच्या नातीचं सासर कुठलं, आजी?" तिनं विचारलं.

"चांदूर," गोदाबाई म्हणाल्या आणि सांगू लागल्या. सांगून झाल्यावर, बेसावध असताना, अकीलानं हळूच म्हटलं, "गोळी शोधा अन् गिळा." हनुवटी मागे गेली. कडा टेकल्या. तिनं आणखी एकदा करवून घेतलं, तीच जागा आली. तेव्हाच तिनं जोड पक्का केला.

घंटा झाली तेव्हा सहापैकी चार दात लागले होते. सुळ्यांच्या जागी नुसतं मेण होतं.

परीक्षक आले. अर्धवट काम पाहिलं, बाजूला पडलेल्या पहिल्या मेणाच्या कडा उचलल्या, उलटसुलट केल्या. "हे दुसऱ्यांदा केलंत?"

"हो सर."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. जबडा पुढं होता."

"वेळ पुरणार नाही हे कळत होतं?"

"कळत होतं, सर."

"तीन डाव करवलं, साहेब," गोदाबाई मधेच म्हणाल्या. "माया जीव घेतला. थुंकी गियून गियून पोट भरलं."

परीक्षकांनी त्यांच्या हनुवटीला बोट लावलं, गिळायला सांगितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. चेहऱ्यावर काही नाही. अकीलाला त्यांच्या मागे धावत जाऊन वहीत डोकवावंसं वाटलं.

निकालाला तीन आठवडे लागणार होते. त्या तीन आठवड्यांत ती अकोल्याला गेली नाही. सुळे लावले, दाढा लावल्या, मेणातले दात तोंडात घालून बघितले, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवलं, घासून चकचकीत केलं. गोदाबाई तीन वेळा आल्या. चौथ्या वेळी कवळी तोंडात बसली. वरचे दात खालच्यांना बरोबर भेटले. अकीलानं दात कुठं टेकतात ते उमटवणारा निळा कागद चावायला देऊन पुनःपुन्हा तपासलं.

गोदाबाईंनी आरशात बघितलं. "हे तं घोड्याचे दात वाटते," त्या म्हणाल्या. मग पंजाबरावाकडे बघून काहीतरी बोलल्या आणि त्यांचा 'स' नीट उमटला. पंजाबराव खिडकीकडे वळून उभा राहिला.

दोन दिवसांनी फोन आला. अकीलानं पहिल्याच रिंगला उचलला. खालची कवळी टोचत होती. तिनं बोलावून घासून दिली. आठ दिवसांनी पुन्हा टोचली. पुन्हा घासली. खालची हिरडी झिजून सपाट झाली होती, तिच्यावर काही धरून राहणं कठीणच, असं इंगोले मॅडम म्हणाल्या. "खालची कवळी निम्म्या लोकांना जमत नाही. वरची वापरतात ना? मग समाधान मान."

निकाल लागला. पास व्हायला पन्नास गुण लागत होते, अकीलाला त्रेपन्न होते. अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा मागची शिलाई मशीन थांबलेली ऐकू आली. पियुषनं तिच्या कोटावर स्वतःच्या हातानं 'डॉ.'ची पट्टी लावून दिली. ती हसली, फोटोही काढला. पण एक प्रश्न तिला सुटत नव्हता, आणि तो घेऊन ती मॅडमच्या केबिनमध्ये गेलीच.

"मॅडम, त्रेपन्न कशाचे? जबडा बरोबर धरला त्याचे, की म्हातारीकडे पाहून दिले?"

"गुणपत्रिकेत ते लिहीत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"माहीत नाही."

"मग माहीत नसलेलं बरं. जा, बाहेर पेशंट बसलेत."

बाहेर बाकावर सात माणसं बसली होती. तिनं पहिलं नाव पुकारलं, माणूस खुर्चीत बसवला, तोंड उघडायला सांगितलं. हात काम करत होते आणि डोकं रिद्धपूरला होतं. परवाच्या फोनवर गोदाबाईंनी सांगितलं होतं की वरचे दात दिवसभर असतात, खालचे मात्र स्टीलच्या डबीत ठेवलेत, कुठं जायचं असलं तरच त्या घालतात. तक्रार अशी नव्हती. अकीलाला मात्र ती तक्रारच वाटत होती. हिरडी सपाट असली तरी जिभेच्या बाजूनं कड थोडी लांबवता येईल का, याचा विचार करत तिनं समोरच्या माणसाच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं. तीही सपाटच होती.

"दुखते का?" तिनं विचारलं.

"नाई," तो म्हणाला. "पन तुमी थांबल्या काहून?"

"विचार करून राहिले," ती म्हणाली आणि इंटर्नच्या रजेचा अर्ज कसा करतात ते पियुषला विचारायचं तिनं मनाशी ठरवलं. रिद्धपूरला जायला रविवारची गाडी चालली असती, पण रविवार अजून पाच दिवस लांब होता.